डार्लिंगच्या काठाकाठानं किंचेगाला

पहिला दिवस : मेलबर्न ते मिल्ड्युरा

मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये झाडांमध्ये एक दगडी स्मारक आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी बर्क आणि विल्स यांची मोहीम इथून निघाली. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत सबंध खंड पार करायचा, असा बेत. निरोपाला हजारो लोक जमले होते, आणि बर्कपेक्षा उंट बघायलाच गर्दी जास्त. जॉर्ज लँडेल्सनं हे २४ उंट कराचीहून जहाजानं आणले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे उंट आपल्याच इलाख्याच्या बंदरातून निघाले म्हणायला हरकत नाही. उंटांबरोबर त्यांना सांभाळणारी माणसंही आली. त्यांतला साम्ला नावाचा हिंदू गडी पहिल्या काही दिवसांतच परत फिरला. शिध्यातलं मांस त्याला चालेना आणि नुसत्या पावावर मजल मारणं जमेना. दुसरा, दोस्त महंमद, मोहिमेनंतर डार्लिंगकाठच्या मेनिंडीचाच झाला. त्याच्याबद्दल पुढे येईलच, कारण आम्हीही मेनिंडीलाच निघालो होतो.

आम्ही म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि आबा. आबा माझे सासरे. आटपाडीकडचे, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. मेंढी दिसली की आधी तिचे दात बघणार, मग आजूबाजूचा देखावा. जुलैच्या सुट्टीत समुद्रकिनाऱ्याला जायचं की आत कोरड्या मुलखात, असा विषय निघाला तेव्हा मी किंचेगाचं नाव काढलं. डार्लिंग नदीवरचा एके काळचा प्रचंड मेंढीमुलूख, इथल्या भाषेत ‘रन’. आबा एकाच वाक्यावर राजी झाले : तिथे साठ लाख मेंढ्या भादरल्या.

कॅल्डर हायवेनं मिल्ड्युरा साडेपाचशे किलोमीटर. बेंडिगोपर्यंत चढउतार, पुढे गहू, त्यापुढे मॅलीची खुरटी झाडी. वाटेत वायचीप्रूफ गावात आगगाडीचे रूळ भर बाजाररस्त्यातून जातात, मुलाला तेवढंच आवडलं. बाकी प्रवासात बघण्यासारखं फार नाही, म्हणून गाडीत आबांना जे सांगत होते तेच इथे सांगते.

१८२९ मध्ये सिडनीच्या वसाहत सरकारनं एकोणीस काउंट्यांची हद्द आखली आणि त्यापलीकडे वस्ती करायला मनाई केली. मनाई कागदावर राहिली. इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि मेंढ्यांना गवत. लोक कळप घेऊन हद्दीपलीकडे गेले, पाण्याजवळ झोपडं बांधलं आणि नजर पोचेल तिथवरची जमीन आपली म्हणू लागले. हेच स्क्वॉटर. त्यांना हाकलणं सरकारला झेपेना, तेव्हा १८३६ मध्ये गव्हर्नर बर्कनं (मोहिमेवाल्या बर्कशी याचा संबंध नाही, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं) वर्षाला १० पौंडांचा परवाना काढला. बेकायदा बसलेला माणूस पैसे भरून कायदेशीर झाला. १८४७ मध्ये त्याहून मोठं बक्षीस मिळालं. दूरच्या जिल्ह्यांत १४ वर्षांपर्यंतचे पट्टे, चार हजार मेंढ्या पोसेल एवढ्या रनला वर्षाला १० पौंड भाडं, आणि वर जमीन विकत घ्यायचा पहिला हक्क.

“मोजणी कुणी केली?” आबांनी विचारलं.

मोजणी अशी नव्हतीच. अमुक ओढ्यापासून तमुक टेकडीपर्यंत, असं स्क्वॉटरनंच लिहून द्यायचं आणि शेजाऱ्यानं हरकत घेतली तर भांडायचं. आबा खूप वेळ हसत होते. सातबाराच्या एकेका गुंठ्यासाठी तालुक्याला किती खेपा घातल्या जातात, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

दुसरा दिवस : वेंटवर्थ आणि पूनकेरी

मिल्ड्युराहून वेंटवर्थ अर्ध्या तासावर. इथे डार्लिंग मरी नदीला मिळते. संगमापाशी बघायला मनोरा आहे. मरीचं पाणी हिरवट आणि डार्लिंगचं दुधाळ चिखलाच्या रंगाचं, दोन्ही काही अंतर शेजारी शेजारी चालतात. नकाशावर डार्लिंग म्हणतात ते नाव चार्ल्स स्टर्टनं १८२९ मध्ये आपल्या गव्हर्नरचं ठेवलं. तो वरच्या अंगाला पोचला तेव्हा दुष्काळ होता आणि नदीचं पाणी खारट लागलं. काठावर हजारो वर्षं राहणारे बार्किंजी लोक तिला बाका म्हणतात, आणि स्वतःचं नावही तिच्यावरूनच सांगतात.

गावाचं नाव विल्यम वेंटवर्थचं. हा सिडनीचा बडा राजकारणी आणि स्वतः मोठा जमीनवाला. १८५३ मध्ये वसाहतीतही इंग्लंडसारखे वंशपरंपरागत सरदार असावेत, अशी त्याची सूचना होती, आणि ते सरदार कोण होणार हे उघड होतं. लोकांनी तिची एवढी टर उडवली की ती बारगळली. त्याचं नाव मिरवणाऱ्या गावात पुतळा मात्र फर्ग्युसन ट्रॅक्टरचा आहे. १९५६ च्या महापुरात या लहान करड्या ट्रॅक्टरांनी रात्रंदिवस मातीचे बांध घातले आणि गाव वाचलं. आबांनी पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. संपूर्ण सहलीत त्यांनी आपणहून मागितलेला हा एकच फोटो.

संगमाच्या पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावर, व्हिक्टोरिया सरोवराजवळ रूफस नदी आहे. तिकडे गेलो नाही, पण नदीकाठच्या रनची गोष्ट तिच्याशिवाय सुरू होत नाही. १८३८ पासून सिडनीकडचे लोक गुरं आणि मेंढरं या वाटेनं अॅडलेडला हाकत नेऊ लागले. हजारो जनावरं एकदम नदीवर उतरायची, पाणवठे तुडवायची, बायकांनी कंदमुळं खणायच्या जागा उद्ध्वस्त करायची. तिथल्या मूळच्या मरौरा लोकांनी कळपांवर हल्ले केले. २७ ऑगस्ट १८४१ रोजी रूफसच्या काठी कळपवाले आणि अॅडलेडहून आलेली पोलिसांची तुकडी यांच्या बंदुकांमध्ये ते सापडले. निदान तीस माणसं मेली. त्यानंतर ही वाट ‘सुरक्षित’ झाली आणि काठावर रन मांडायला माणसं निर्धास्त येऊ लागली.

दुपारी डार्लिंगच्या काठानं पूनकेरीपर्यंत सव्वाशे किलोमीटर. नदी रस्त्यावरून क्वचितच दिसते. रेड गमच्या झाडांची रांग दिसली की समजायचं, तिथे आहे. पूनकेरी एवढंसं गाव, एक हॉटेल, जुन्या बंदराची खूण. बंदर म्हटल्यावर मुलगा धक्का शोधू लागला. पण एके काळी इथून वाफेच्या बोटी जायच्या, हे खरं. १८५९ मध्ये फ्रान्सिस कॅडेलनं आपली ‘ऑल्बरी’ नावाची चाकाची बोट डार्लिंगवर पार वर माउंट मर्चिसनपर्यंत नेली आणि काठावरच्या रनचं गणितच बदललं. तोवर लोकर बैलगाडीनं समुद्राला पोचायला महिने लागत. आता बोट येताना पीठ, चहा, साखर, तार, पत्रे, पियानोसुद्धा आणायची आणि जाताना लोकरीचे गठ्ठे न्यायची. त्यात एकच अडचण, नदीला पाणी असेल तर. नसलं की बोट चिखलात रुतून महिनोनमहिने थांबायची.

गठ्ठे जायचे खाली, साउथ ऑस्ट्रेलियात. आधी गूल्वाला, आणि १८७८ मध्ये मॉर्गनला रेल्वे आल्यावर तिथे. म्हणजे जमीन न्यू साउथ वेल्सची आणि धंदा शेजारच्या वसाहतीचा. या सगळ्या पट्ट्याचं तोंड सिडनीऐवजी अॅडलेडकडे का, ते इथे आल्यावर समजतं. किंचेगाच्या पलीकडे ब्रोकन हिलची घड्याळं आजही अॅडलेडच्या वेळेवर चालतात.

तिसरा दिवस : ‘रॉडनी’ची जागा, मग किंचेगा

सकाळी गवतावर पांढरं दहिवर. पूनकेरीच्या वर नदीत ‘रॉडनी’ बोटीचा सांगाडा आहे, पाणी उतरलं की फळ्या आणि लोखंड दिसतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी बेताचं होतं, त्यामुळे माहितीफलक वाचला आणि काळपट काहीतरी दिसतंय असं स्वतःला पटवलं.

गोष्ट मात्र अस्सल आहे. १८९४ मध्ये लोकरीचा भाव पडलेला, मालकांनी भादरणीची मजुरी कमी केलेली आणि शिअरर, म्हणजे मेंढ्या भादरणारे मजूर, संपावर. संपकऱ्यांचे तंबू नदीकाठी ठिकठिकाणी. ‘रॉडनी’ संप न मानणारे मजूर घेऊन वरच्या टोलार्नो स्टेशनकडे चालली होती (स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, रनवरचं मेंढ्यांचं ठाणं). २६ ऑगस्टच्या रात्री तोंडाला चिखल फासलेले संपकरी बोटीवर चढले, माणसांना काठावर उतरवलं, रॉकेल ओतलं आणि बोट पेटवून दिली. पुढे खटले चालले, पण या जाळपोळीसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. त्याच रात्री ग्रासमियर स्टेशनवर मात्र बिली मॅक्लेन या संपकऱ्याला गोळी लागली आणि दोन वर्षांनी तो त्यातच गेला.

संपाचं मूळ फक्त दरात नव्हतं. शिअररला शंभर मेंढ्यांमागे पैसे मिळायचे, पण कुठली मेंढी नीट भादरली हे मालक ठरवायचा. एखादी मनाला आली नाही की तिच्यावर गेरूचा पट्टा ओढायचा. तिचे पैसे बुडाले, आणि काही ठिकाणी तर सबंध कोंडाळ्याचे. कोणाचं काम चुकीचं ठरवायचं हे दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं, हे कळायला युनियनचा इतिहास वाचावा लागत नाही. आबा म्हणाले, “दूध डेअरीत फॅट लावतात तसंच की.” त्यावर मला काही भर घालता आली नाही.

टोलार्नोवरून पुढे मेनिंडी आणि तिथून किंचेगा राष्ट्रीय उद्यान. उद्यानातले रस्ते मातीचे, पाऊस झाला की बंद. मुक्काम शिअररांच्या जुन्या चाळीत, पार्कवाले ती भाड्यानं देतात. ओळीनं खोल्या, लोखंडी खाटा, सामाईक स्वयंपाकघर. रात्री तापमान शून्याच्या आसपास. आम्ही पिठलं केलं, शेजारच्या खोलीतल्या ऑस्ट्रेलियन जोडप्यानं ते काय आहे म्हणून विचारलं आणि दोनदा वाढून घेतलं.

चौथा दिवस : वूलशेड, पडलेलं घर आणि बॉयलर

या दिवसासाठीच सगळा खटाटोप होता.

इथे कळप पहिल्यांदा १८५० च्या दशकात आले. १८७० पासून रन हर्बर्ट ब्रिस्टो ह्यूजच्या हाती आला. हा साउथ ऑस्ट्रेलियातला भांडवलवाला, तिकडे त्याचं आधीच मोठं स्टेशन होतं. त्याच्या काळात किंचेगा लाखो एकरांवर पसरला. आकडा ऐकून चमकायचं कारण नाही. या मुलखात वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस, एका मेंढीला कित्येक एकर लागतात. किंमत जमिनीला नव्हतीच, नदीकाठाला होती. काठ ज्याच्या पट्ट्यात, त्याच्या मागची पन्नास मैल कोरडी जमीन आपोआप त्याची, कारण पाणी पाजायला दुसरा येणार कुठून? म्हणून जुन्या नकाशांत रन नदीला चिकटलेले दिसतात, एकमेकांना लागून, नदीकडे तोंड करून. मागच्या जमिनीत पुढे घोड्यांच्या खोऱ्यांनी तळी खणली आणि १८७८ पासून डार्लिंगच्या वरच्या भागात विंधनविहिरीही लागल्या. पण सत्ता काठाचीच राहिली.

वूलशेड, म्हणजे मेंढ्या भादरायचं मोठं छप्पर, १८७५ चं. रेड गमचे जाड खांब, वर आणि भोवती पन्हाळी पत्रा. आत शिरलं की पहिल्यांदा वास येतो. शेवटची मेंढी इथून १९६७ मध्ये बाहेर पडली आणि अजून लाकडाला लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या मेणचटपणाचा, आणि लेंड्यांचा वास आहे. खांब आणि कुंपणाच्या फळ्या, जिथे जिथे मेंढ्या घासून गेल्या, तिथे काळ्या आणि तुळतुळीत झाल्यात. भिंतींवर रंगानं आणि स्टेन्सिलनं काढलेली नावं, तारखा, हिशेब.

आबांनी सगळं क्रमानं बघितलं. ओली मेंढी भादरत नाहीत, म्हणून आदल्या रात्री शेकडो मेंढ्या छपराखाली कोंडायच्या. जमीन फटीफटीच्या पट्ट्यांची, लेंड्या खाली पडतात. कोंडाळ्यातून शिअरर एकेक मेंढी पुढच्या पायांना धरून ओढत आणायचा, ढुंगणावर बसवायचा आणि पोटापासून सुरुवात करायचा. कातर लागून जखम झाली की तो “टार!” म्हणून ओरडायचा, एक पोरगं डांबराचा डबा घेऊन धावायचं. भादरलेली मेंढी घसरगुंडीतून बाहेरच्या खणात, तिथे मोजणी. लोकर अखंड चादरीसारखी उचलून जाळीदार टेबलावर फेकायची, कडांचा मळका भाग काढायचा, मग क्लासर बोटांनी ताणून प्रत ठरवायचा. शेवटी दाबयंत्रात गठ्ठा, त्यावर स्टेशनचं नाव, आणि गठ्ठा नदीकडे.

“आपल्याकडं एका मेंढीला वर्साकाठी अर्धा-पाऊण किलो,” आबा म्हणाले. मेरिनोची पाच किलोपर्यंत जाते हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं, पण दाबयंत्राचा आकार बघून ते गप्प झाले. माणदेशातलं मेंढरू घोंगड्यासाठी भादरतात, पण धनगराचं पोट त्यावर चालत नाही. शेतात कळप बसवल्याचे पैसे, बोकडाची विक्री, त्यावर चालतं. इथे कळप बसवायला शेतकरीच नव्हता. सगळा डोलारा लोकरीवर, आणि लोकरीचा भाव लंडनमध्ये ठरायचा.

सुरुवातीला इथेही कळपामागे मेंढपाळ असत, त्यांत बरेच बार्किंजी. मग तारेचं कुंपण आलं आणि मेंढपाळ गेला. मैलच्या मैल कुंपणावर घोड्यावरून फिरणारा एक राखणदार पुरू लागला. १८८८ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला डनलॉप स्टेशनवर सगळी भादरणी पहिल्यांदा यंत्रानं झाली, मग हळूहळू हातकातरही गेली. किंचेगाच्या शेडबाहेर वाफेचं जुनं इंजिन गंजत उभं आहे.

एवढं सगळं असूनही हा रन शतकाच्या अखेरीला मोडकळीला कसा आला? कारणं एकदमच आली. भाव पडला. मरी ओलांडून ससे आले. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदारानं शिकारीसाठी सोडलेल्या जोड्यांची ही पिलावळ. आणि १८९५ च्या सुमाराला सुरू झालेला दुष्काळ १९०२ पर्यंत हटला नाही. पण मला वाटतं, खरं कारण आधीच्या भरभराटीत आहे. चांगल्या पावसाची काही वर्षं बघून लोकांनी तेवढ्या मेंढ्या कायमच्या धरल्या, बँकांनी त्यावर कर्ज दिलं, आणि कर्ज फेडायला आणखी मेंढ्या घातल्या. गवत, मग झुडपांची साल, मग काहीच नाही. उघडी माती वाऱ्यानं उडाली. १९०१ मध्ये चौकशी आयोगानं या पश्चिम भागाची दैना सरकारपुढे मांडली, आणि त्याच वर्षी वेस्टर्न लँड्स कायद्यानं सगळे पट्टे एका मंडळाखाली आले. स्क्वॉटरांची मोकळी सद्दी तिथे संपली. किंचेगा मात्र टिकला, आकसत आकसत, १९६७ पर्यंत. त्या वर्षीच्या शेवटच्या भादरणीत साठ लाखावी मेंढी झाली आणि जमीन राष्ट्रीय उद्यान झाली.

दुपारी जुन्या घराच्या अवशेषांकडे. नदीच्या जुन्या फाट्याकाठी विटांच्या भिंती, अंगणातली परदेशी झाडं. बाग जगवायला किती पाणी लागत असेल, हा आमच्या घरात चर्चेचा विषय झाला. घर मोठं होतं, पण ह्यूज इथे कायम राहणारा नव्हता. स्टेशन चालवायचे मॅनेजर, आणि ह्यूजच्या आधीचा असा एक मॅनेजर इतिहासात खलनायक म्हणून गेला. तो विल्यम राइट. १८६० च्या ऑक्टोबरात बर्क इथे पोचला तेव्हा लँडेल्सशी त्याचं उंटांवरून आणि रमवरून भांडण विकोपाला गेलं. किंचेगालाच लँडेल्सनं राजीनामा दिला आणि पाठोपाठ मोहिमेचा डॉक्टर बेकलर यानंही. माणसं कमी पडली म्हणून बर्कनं किंचेगाचा मॅनेजर राइट याला घेतलं आणि उरलेलं सामान मागून घेऊन ये, असं सांगून तो पुढे गेला. राइट जानेवारी १८६१ च्या शेवटापर्यंत हललाच नाही. तिकडे बर्क, विल्स आणि त्यांचा साथीदार किंग २१ एप्रिलला कूपर्स क्रीकच्या तळावर परतले, तेव्हा तिथली माणसं त्याच सकाळी निघून गेली होती. बर्क आणि विल्स उपासमारीनं मेले. चौकशीत राइटवर सगळ्यात जास्त ठपका आला. मला तो पूर्ण पटत नाही. त्याची नेमणूक मोहीम पाठवणाऱ्या मेलबर्नच्या समितीनं मंजूर केलेली नव्हती, जनावरं घ्यायला पैसे नव्हते, आणि स्टेशनच्या माणसाला उन्हाळ्यात वाळवंटात घुसणं काय असतं ते बर्कपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण म्हणून तीन महिने? तेही पटत नाही.

संध्याकाळी नदीकाठी ‘प्रॉव्हिडन्स’चा बॉयलर पाहिला. १८७२ मध्ये ही बोट किंचेगाच्या जवळच फुटली आणि वरची जवळजवळ सगळी माणसं मेली. स्थानिक लोक सांगतात की खलाशी मेनिंडीच्या हॉटेलात रात्रभर प्याले आणि बॉयलरमध्ये पाणी भरायलाच विसरले. चिखलात पडलेलं लोखंड बघून खरंखोटं ठरत नाही, पण गोष्ट गावानं जपली आहे.

पाचवा दिवस : मेनिंडी

उद्यानात वूलशेडबद्दल भरपूर फलक आहेत. मेंढ्यांच्या आधीचं मात्र स्वतः शोधावं लागतं. नदीकाठच्या रेड गमवर लांबट, कडा जाड झालेल्या खुणा दिसतात. होडी करायला अख्खी साल काढून नेल्याच्या त्या जखमा आहेत, झाडं अजून जिवंत आहेत. जुलै १८३५ मध्ये सर्वेक्षक मिचेल डार्लिंगच्या काठानं इथवर आला. ११ जुलैला त्याच्या माणसांची एका किटलीवरून झटापट झाली आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत एक बाई होती. मिचेल तिथूनच मागे फिरला. त्याच्या आधी देवीची साथ नदीनं खाली येऊन गेली होती. म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी स्क्वॉटर ‘रिकाम्या’ काठावर आले, तेव्हा तो काठ कसा रिकामा झाला होता ते ध्यानात येतं.

जी माणसं उरली ती रनवर कामाला लागली. मेंढपाळ, घोडेस्वार, शिअरर, घरकामाच्या बायका. मोबदला बरेचदा पीठ, साखर, तंबाखू. १९३३ मध्ये सरकारनं कॅरोवारा टँक या वस्तीवरची मूळ रहिवासी माणसं उचलून मेनिंडीच्या मिशनवर आणली, १९४९ मध्ये ते मिशन बंद करून पुन्हा हलवलं. जून २०१५ मध्ये फेडरल कोर्टानं १,२८,००० चौरस किलोमीटर मुलखावर बार्किंजींचा मूळ हक्क मान्य केला. अर्ज १९९७ चा. अठरा वर्षांत अर्ज करणाऱ्यांपैकी किती जण गेले असतील, हा विचार आला. कळप हाकत आलेल्यांना मात्र १० पौंड भरले की वर्षाचा परवाना मिळायचा.

मेनिंडी गावात आह चंगची बेकरी अजून उभी आहे, एका चिनी बेकऱ्याची. दोस्त महंमद याच बेकरीत काम करायचा, असं सांगतात. मोहिमेनंतर एका उंटानं त्याच्या हाताचा पार चुराडा केला, उंटांचं काम सुटलं, आणि तो इथेच राहून वारला. त्याची कबर गावाबाहेर ब्रोकन हिलच्या रस्त्याला, झुडपांत एकटीच आहे. मूळचा गझनीचा. नवऱ्यानं चप्पल काढून नमस्कार केला, मुलानंही.

पामामारू क्रीकला बर्कच्या तळाची जागा, आणि तिथून सरोवरं. नदीला पूर आला की भरणारी ही नैसर्गिक सरोवरं होती. १९४९ नंतर बांध आणि दरवाजे घालून त्यांचे जलाशय झाले. बरीच वर्षं ब्रोकन हिलला पाणी इथूनच जायचं. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात नदी वाहायची थांबली, शेवाळ माजलं आणि लाखो मासे मेले, त्यांत माणसाच्या वयाचे मरी कॉडही. विज्ञान अकादमीच्या अहवालानं वरच्या भागात जास्त पाणी उपसल्याकडे बोट दाखवलं. मार्च २०२३ मध्ये पुन्हा, या वेळी दोन-तीन कोटी. आम्ही उभे होतो त्या बांधाखालून पाणी छान वाहत होतं आणि पेलिकन बसले होते. तिथे मासे पकडत बसलेल्या एका म्हाताऱ्याला आबांनी खुणेनं विचारलं, काही लागलं का? त्यानं मान हलवली आणि नदीच्या वरच्या दिशेला हात केला. आता तिकडे कापूस आहे. काठ ज्याचा त्याचं पाणी, हा हिशेब अजून सुटलेला नाही. फक्त काठ शेकडो मैल वर सरकलाय.

सहावा दिवस : ब्रोकन हिल

मेनिंडीहून एकशे दहा किलोमीटर, डांबरी. माउंट गिप्स नावाच्या मेंढी स्टेशनवरचा कुंपण-राखणदार चार्ल्स रास्प याला १८८३ मध्ये या टेकडीत धातू असावा अशी शंका आली. मॅनेजर मॅककुलक धरून सात जणांनी वर्गणी काढली. पुढे त्यातून ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली. मेंढ्यांच्या मागे फिरताना त्या राखणदाराच्या पायाखाली चांदी होती. खाणीबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी लिहीत नाही. पाणी आता २०१९ पासून मरीवरून, वेंटवर्थहून, २७० किलोमीटर नळानं येतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मे ते सप्टेंबर जा, उन्हाळ्यात जाऊ नका. पूनकेरी आणि मेनिंडी दोन्हीकडे पेट्रोल भरून घ्या, पुढचं मिळेल म्हणून थांबू नका. निघायच्या सकाळी किंचेगाचे रस्ते उघडे आहेत का बघा. शिअररांच्या चाळीचं बुकिंग शाळेच्या सुट्टीत आधी करावं लागतं, पांघरुणं स्वतःची न्या. वूलशेडला निदान तीन तास ठेवा, आणि बरोबर मेंढ्यांतलं कळणारं कुणी असेल तर पाच.